कॉलरवरचा माईक

त्याला सगळे कानवाला म्हणत. ऐकू न येणाऱ्यांच्या कानात बसवायची मशीनं विकायची, दुरुस्त करायची, कानाच्या मापाने घासून द्यायची, हा त्याचा धंदा. हात असा बसलेला की गिऱ्हाइकाला एकदा बसवलेलं मशीन पुन्हा टोचायचं नाही. त्याचा स्वतःचा डावा कान मात्र ठार बहिरा. नऊ वर्षांचा असताना पोहायला गेला आणि कानात पाणी गेलं, असं घरात सांगत. नातेवाइकांना तेच, शाळेत तेच, डॉक्टरच्या कागदावरही तेच.

पाणी कसलं आलंय. बाप पत्र्याच्या कारखान्यात मुकादम होता. त्याने हाक मारली, पोराने ओ दिली नाही, म्हणून कानाखाली अशी लगावली की पडदा फाटला. मग डाव्या बाजूने मारलेली हाक पोराला ऐकू येईना. ऐकू आलं नाही की ओ नाही, ओ नाही की पुन्हा मार. शाळेतल्या बाईंच्या लक्षात येईपर्यंत हे दोन वर्षं चाललं. आई तेव्हा होती, आणि पाण्याची गोष्ट तिनेच इतकी घोटून घेतली होती की शेवटी तिलाही ती खरी वाटायला लागली असावी.

पत्र्याच्या दणदणाटाने म्हातारपणी मुकादमाचे दोन्ही कान गेले. यात कुणाला न्याय दिसत असेल तर दिसो. कानवाल्याला फक्त माप दिसलं. त्याने बापासाठी दुकानातलं सगळ्यात भारी मशीन काढलं आणि सोबत अंगठ्याएवढा एक माईक दिला. बोलणाऱ्याने तो कॉलरला लावायचा, म्हणजे त्याचा आवाज थेट मशीनमध्ये, मध्ये भिंत असली तरी. कानवाला हा माईक विकताना प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच विनोद ऐकवायचा. "काम झालं की काढून ठेवा बरं का, नाहीतर तुमचं आंघोळीतलं गाणं आजोबांना ऐकावं लागेल." गिऱ्हाईक हसायचं, तोही हसायचा.

घरात माईक कानवाल्याच्याच कॉलरला असे. सकाळी बापाला गोळ्या घेतल्या का विचारायला लावायचा आणि कपाळावर चष्मा विसरावा तसा विसरायचा. शिवाय मुकादम बजावून सांगे, "मी घरात ते घालत नाही. घरात कुणाचं ऐकायचंय मला?"

आठ महिन्यांपूर्वी कानवाल्याची बायको बहिणीकडे राहायला गेली. भांडण किरकोळ होतं. ती काहीतरी दोनदा म्हणाली, त्याला ऐकू आलं नाही, ती तिसऱ्यांदा ओरडली आणि त्याने हात उगारला. मारलं नाही. पण ती जाताना म्हणाली, "मारलं नाहीस हे मलाही माहितीये. पण तुझं तोंड तेव्हा तुझं नव्हतं. कुणाशी तरी बोल, मग मी येईन."

म्हणून तो एका समुपदेशक मॅडमशी ऑनलाइन बोलू लागला. दर गुरुवारी दुपारी दुकान बंद ठेवून घरातल्या मागच्या खोलीत लॅपटॉप उघडायचा, चांगल्या कानात इअरफोन घालायचा आणि दार लावून घ्यायचा. पडद्यावरच्या मॅडम वयाने त्याच्यापेक्षा लहान, पण घाई न करणाऱ्या होत्या. पहिले दोन गुरुवार तो नुसता बायकोबद्दल बोलला. तिसऱ्या गुरुवारी पाण्याची गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबला आणि ढसाढसा रडला. चाळिशी उलटलेला माणूस, आणि नाक पुसायला हाताशी होतं ते मशीन पुसायचं फडकं.

दुसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, "या मशीनमध्ये आवाज फाटतो. जोरात काही झालं की टोचतं."

कानवाल्याला बरं वाटलं. म्हातारा मशीन घालतोय तर. त्याने तिथल्या तिथे जोरातला आवाज कमी करून दिला. मग दर शुक्रवारी काही ना काही निघू लागलं. हळू बोललेलं नीट येत नाही, वाढव. मध्येच खरखरतं, कपड्याला काही घासतं का बघ. कानवाला मन लावून दुरुस्त करत गेला. बाप आपल्याकडे काही मागतोय याचाच त्याला आनंद, खुळ्याला.

सातव्या गुरुवारी मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला बाबांकडून नक्की काय हवंय?"

"माफी नको," तो म्हणाला. "पाणी गेलं नव्हतं, एवढं त्यांनी एकदा म्हणावं."

मग दोघांनी मिळून तीन वाक्यं तयार केली. त्याने ती पाच वेळा म्हणून दाखवली. पहिल्या चार वेळा तिसऱ्या वाक्यावर आवाज अडकला, पाचव्यांदा नीट आलं. मॅडम म्हणाल्या, "अगदी असंच बोला."

रविवारी चहा झाल्यावर तो बापासमोर खुर्ची ओढून बसला. मुकादमाच्या दोन्ही कानांत मशीन होतं. कानवाल्याने कॉलरवरचा माईक चाचपला, घसा खाकरला.

"बाबा, माझ्या कानात पाणी गेलं नव्हतं."

"तुम्ही मारलं होतं," मुकादम म्हणाला. पेपरवरची नजर त्याने उचललीसुद्धा नाही. "मला ते एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. हेच ना पुढचं? इथे तू अडखळतोस. पाचव्यांदा बरं म्हणालास."

कानवाल्याचा हात कॉलरवरच राहिला. रोज गिऱ्हाइकांना सांगायचा तो विनोद त्याला आठवला. मग एकेक शुक्रवार आठवला, आणि आपलंच रडणं बापाला सुखाने ऐकता यावं म्हणून आपण काय काय दुरुस्त केलं ते सगळं आठवलं. त्याला इतकी लाज वाटली की राग यायला जागाच उरली नाही.

"तुम्ही सगळं ऐकत होतात?"

"मशीन तूच दिलंस."

"आणि काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? परक्या बाईसमोर बापाची धिंड काढतोस, आणि तिथे तूच सांगतोस की तूही बायकोवर हात उगारलास. मग तुझ्यात नि माझ्यात काय फरक? मी निदान रडत बसलो नाही."

आठ महिने हाच प्रश्न कानवाला स्वतःला विचारत होता. तरी त्याने शेवटचा जोर लावला.

"ते असू दे बाबा. फक्त एक सांगा. पाणी गेलं होतं का?"

मुकादमाने पेपर घडी घालून मांडीवर ठेवला. मग सावकाश आधी उजव्या कानातलं मशीन काढलं, मग डाव्या कानातलं. दोन्ही पेपरवर शेजारी शेजारी ठेवली.

"काय म्हणालास?" तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

संध्याकाळी बायकोचा फोन आला, तो त्याने उचलला नाही. गुरुवारी मात्र तो लॅपटॉपसमोर बसला. बसण्याआधी माईक काढला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. मॅडमनी विचारलं, "बोललात? ऐकून घेतलं त्यांनी?" तो म्हणाला, "हो, सगळं." राहिलेला वेळ मॅडम थांबून राहिल्या आणि तो कॉलर चाचपत राहिला.

शुक्रवारी सकाळी मुकादम मशीन हातात घेऊन त्याच्या टेबलापाशी आला.

"काल दुपारी काहीच ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "बघ जरा काय बिघडलंय."

कानवाल्याने मशीन घेतलं, उघडलं, नळी साफ केली, स्वतःच्या चांगल्या कानाशी धरून तपासलं. मशीन ठणठणीत होतं. त्याने ते पुसून बापाच्या हातात दिलं.