कॅनबेरा ते मानेसर

माझे वडील, विंग कमांडर मुरलीधर खांबेटे, यांनी एकाहत्तरच्या लढाईत बाँबर विमान चालवलं होतं, हे मला शाळेत असताना मैत्रिणीच्या वडिलांकडून कळलं. तणतणत घरी आले आणि बाबांना विचारलं. ते मटारच्या शेंगा सोलत होते. म्हणाले, "हो, होतो तिकडे." तिकडे म्हणजे शत्रूच्या हद्दीत, रात्री, झाडांच्या शेंड्यांवरून. पण सूर असा की जणू कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला गेले होते.

मी त्यांची एकुलती एक मुलगी, नीरजा. बडबड सगळी माझ्या वाट्याला आली. त्यांच्या आयुष्याची गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही, म्हणून ती मला इकडून तिकडून गोळा करावी लागली. जन्म कऱ्हाडचा, वडील शाळामास्तर. घरात कुणी सायकलपेक्षा मोठं वाहन चालवलेलं नव्हतं. खडकवासल्याला निवड झाली तेव्हा आजीला वाटलं मुलगा सरकारी बस चालवणार, आणि तिने त्यावरही पेढे वाटले. पुढे आग्र्याला कॅनबेरा विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये नेमणूक झाली, आणि तिथे त्यांना अशोककाका भेटले.

अशोक दिघे, नागपूरचे, बाबांचे नॅव्हिगेटर. कॅनबेरात माणसं दोनच. वैमानिक वर काचेच्या घुमटाखाली, नॅव्हिगेटर खाली त्याच्या पायांशी. बाँब टाकायची वेळ आली की नॅव्हिगेटर सरपटत विमानाच्या नाकात जाऊन पालथा पडायचा आणि तिथून दिशा सांगायचा. डावीकडे हवं असेल तर "लेफ्ट-लेफ्ट" असं दोनदा, उजवीकडे नुसतं "राइट", म्हणजे इंजिनांच्या आवाजात घोटाळा नको. नीट रांगेत आलं की "स्टेडी". तेवढा वेळ वैमानिकाने हुद्दा विसरायचा. नॅव्हिगेटर सांगेल तसं वळायचं, का म्हणून विचारायचं नाही. अशोककाका बाबांना अजून सर म्हणतात, पण दिशेच्या बाबतीत बाबांनी आयुष्यभर त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकलं नाही. आईचंसुद्धा नाही, आणि याचा तिला शेवटपर्यंत राग होता.

हवाई दलातून निवृत्त झाल्यावर बाबांनी काही वर्षं दिल्लीजवळच्या मानेसरला एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून काम केलं. गुरुग्रामच्या सोसायटीत आम्ही फ्लॅट घेतला आणि वर्षभरात शेजारच्या टॉवरमध्ये अशोककाका येऊन हजर. योगायोग, असं दोघं म्हणतात. आई गेली, काकू गेल्या, अशोककाकांची मुलगी कॅनडात. मी घटस्फोटानंतर बाबांकडेच परत आले. तेव्हापासून दोघांचा एक कार्यक्रम ठरलेला आहे. दर गुरुवारी पहाटे उठायचं, बाबांच्या जुन्या गाडीतून मानेसरच्या पुढच्या एका ढाब्यावर जायचं आणि डॉक्टरांनी बंद केलेलं सगळं लोणी तिथे खायचं. गाडी बाबा चालवणार. अशोककाका जन्मात गाडी शिकले नाहीत, आणि आता तर त्यांचे गुडघेही कामातून गेलेत. ते डावीकडे बसणार आणि रस्ता सांगणार. फोनवरचा नकाशा दोघांना चालत नाही. "ती बाई फार उशिरा सांगते," असं बाबांचं मत.

यंदा हिवाळा सरता सरता गाडीला पोचे दिसू लागले. आधी बेसमेंटच्या खांबाला घासली, मग गेटच्या आडव्या दांड्याला धडकली. बाबा म्हणाले, "खांब नवीन आहे." खांब इमारतीइतकाच जुना! वय ऐंशीच्या घरात, आता गाडी थांबवा, असं मी हात जोडून सांगितलं, ओरडून सांगितलं, अबोला धरून पाहिला. टॅक्सी करून देते म्हटलं, तर म्हणाले, "मी पार्सल नाही." या माणसाला फक्त एकच जण थांबवू शकतो हे मला ठाऊक होतं, म्हणून मी अशोककाकांना गाठलं.

"काका, तुम्ही सांगा ना. तुमचं ते ऐकतील. उद्या कुणाचा जीव गेला म्हणजे?"

अशोककाका एरवी माझं सगळं ऐकणारे. पण त्यांनी नजर टाळली. "अगं, मी असतो ना शेजारी. बिल्कुल फिकीर करू नकोस," म्हणाले आणि मला लिफ्टपर्यंत सोडायलासुद्धा आले नाहीत. मला संताप आला. दोघं म्हातारे एकमेकांना सामील आहेत एवढं कळलं, पण कशात, ते कळेना.

पुढच्या गुरुवारी मी रजा टाकली आणि न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसले. बाबांनी आरशात पाहिलं आणि किल्ली फिरवली.

गाडी निघाली तशी अशोककाकांची टकळी सुरू झाली. "लेफ्ट-लेफ्ट. स्टेडी. पुढे ट्रक, हळू. राइट, अजून थोडं. सिग्नल लाल." जुन्या दिवसांची नक्कल चाललीय असं समजून मी आधी हसले. दरवेळी असंच चालतं, हे मी दोघांच्या तोंडून ऐकून होते. पण ती टकळी थांबेना. हायवेला लागलो तरी काकांची नजर एकदाही रस्त्यावरून हलली नाही आणि माझ्या एकाही प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही. बाबा मात्र अगदी निवांत, सरळ समोर बघत चालवत होते.

मानेसरला सकाळच्या पाळीची गर्दी होती. कंपन्यांच्या बसगाड्या, शेअर ऑटो, घोळक्याने रस्ता ओलांडणारी माणसं. एका थांबलेल्या बसच्या पुढून एक मुलगी डबा घेऊन धावत निघाली.

"ब्रेक!" अशोककाका किंचाळले.

गाडी थांबली. मुलगी आणि बंपर यांच्यामध्ये माझा हात जेमतेम मावला असता. तिच्या हातून डबा पडला, भात रस्त्यावर सांडला. तिने आमच्याकडे पाहिलं. शिव्या द्यायलाही तिला वेळ नव्हता. रिकामा डबा उचलून ती धावत कंपनीच्या फाटकाकडे गेली.

बाबांनी गाडी कडेला घेतली, तीही काकांच्या "लेफ्ट-लेफ्ट"वर. मी विचारलं, "बाबा, तिच्या अंगावर कुठल्या रंगाचा शर्ट होता?"

बाबांनी मान वळवून अशोककाकांकडे पाहिलं.

"निळा," काका पुटपुटले.

तेव्हा मला सगळं समजलं. माझ्या बापाला समोरचं दिसत नव्हतं.

पुढे ढाब्यापर्यंत गाडी मी चालवली. कुणी विरोध केला नाही. खाटेवर बसल्यावर अशोककाकांनी सांगून टाकलं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग झिजलाय. कडेकडेचं दिसतं, नेमकं समोरचं पुसट होतं. दिवाळीच्या आधीच डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली होती, आणि घरी येऊन दोघांनी मला "नंबर थोडा बदलला" एवढंच कळवलं होतं. दोघांनी मिळून एक माणूस केला होता. हात एकाचे, डोळे दुसऱ्याचे.

"काका, तुम्हाला अक्कल नाही का?" मी चारचौघांत ओरडले. "यांचं जाऊ द्या. तुम्ही का नाही थांबवलं?"

अशोककाकांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "नीरू, आमच्या त्या विमानात सरांच्या सीटला बाहेर फेकणारी यंत्रणा होती. माझ्या सीटला नव्हती. मला दारातून उडी मारावी लागायची, आणि तेवढ्या खालून उडी म्हणजे मरणच. एका रात्री शत्रूच्या तेलाच्या टाक्यांवर बाँब टाकून वळलो आणि खालून तोफेचा गोळा लागला. एक इंजिन पेटलं. मी म्हटलं, सर, तुम्ही जा. माझं न ऐकण्याची सरांची ती एकच वेळ. म्हणाले, कोर्स दे. मी दिशा देत गेलो, ते चालवत गेले, आग्र्याला पोचलो. आता मी यांना उतरा म्हणू? माझ्या तोंडून निघतच नाही गं."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि राग तसूभरही कमी झाला नव्हता.

"काका, त्या विमानात तुम्ही दोघंच होतात," मी म्हटलं. "एकमेकांसाठी मरायला तयार होतात, ठीक आहे. आज ती मुलगीपण होती. तिला कुणी विचारलं?"

पराठे आले. कुणी हात लावला नाही. बाबा हायवेकडे तोंड करून बसले होते. मग म्हणाले, "अशोक, त्या रात्री टाक्यांपाशी कोण होतं?"

"सर, नुसत्या टाक्या होत्या. पेट्रोलच्या."

"रात्रपाळीला कुणी असणारच ना. टाक्यांवर पहारा असतो. पंपावर माणूस असतो. मी कारखान्यात इतकी वर्षं काढली, मला माहीत आहे." बाबा एका दमात एवढं बोललेले मी कधी ऐकले नव्हते. "तेव्हा वरून कुणी दिसायचं नाही. लढाई होती, हुकूम होता. त्याबद्दल मी कधी बोललो नाही, कारण बोलून ती माणसं परत येणार नव्हती. पण आज..." त्यांनी ताट बाजूला सारलं. "आज मला कुणी पाठवलं नव्हतं. मी पराठे खायला निघालो होतो."

अशोककाका रडायला लागले. बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझी चूक नाही. तू बरोबर सांगत होतास. मीच चालवायला नको होतं." मग माझ्याकडे वळून, "यापुढे मी चालवणार नाही, नीरू."

इतके महिने ज्यासाठी भांडले ते मिळालं होतं, आणि मला जराही जिंकल्यासारखं वाटलं नाही. बाबांच्या हाताला धरून मी त्यांना गाडीपर्यंत नेलं. ते पुढे बसले नाहीत. मागे, अशोककाकांच्या शेजारी बसले.

परतताना मानेसर लागलं. पाळी सुरू झाली होती, फाटकं बंद होती, रस्ता मोकळा होता. बाबा काचेला कपाळ टेकून बाहेर बघत होते.

"नीरू," ते म्हणाले, "आज ती दुपारी काय खाईल गं?"