सेन्सरसमोरची चिंधी

पहाटे पाच चाळीसला सफाईवाल्या मावशी ऑफिसच्या इमारतीचा जिना बसून पुसत होत्या. बसलेलं माणूस दिव्याच्या सेन्सरला कळत नाही, आणि दिवा विझतो. गेल्या महिन्यात त्या अंधारात पडल्या. तेव्हापासून त्या जिन्यातल्या, सतत फिरणाऱ्या पंख्याच्या जाळीला सेन्सरसमोर चिंधी बांधतात. ती हलत राहते, दिवा जळत राहतो. काल मात्र काम संपल्यावर त्या ती सोडायला विसरल्या.

“मावशी, रात्रभर दिवे कुणासाठी? भुतांसाठी?” मुकादमाने चिंधी ओढून काढली. “पालिकेचं वीजबचतीचं मानपत्र हुकलं, तर तुम्हीही घरी.”

“भूत परवडलं. तुमच्या दिव्याला ते दिसतं, मी नाही.”

मुकादमाने चिंधी खिशात कोंबली. मावशींनी गुडघा चोळला.

उद्या सकाळी दहाला पालिकेचे तपासनीस जिना चढत येतील, दिवा आपोआप लागेल. मावशींचा जिना पहाटे साडेपाचला, बसून सुरू होतो. त्याला खिडकी नाही.