वळण्याआधी वेग सोड

दसऱ्याला ऑफिसात कुणीतरी कीबोर्डवर झेंडू वाहिला आणि त्या उग्र वासाने मला लालबागच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नेलं. संपानंतर गिरणी बंद पडली तेव्हा माझा मित्र प्रकाश याच्या काकांनी ते काढलं होतं. पूर्वी दसऱ्याला गिरणीत मागाला घालायचे, तसा उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याने जॉयस्टिकला झेंडूचा हार घातला आणि देशाच्या भवितव्यावर लांबलचक भाषण केलं. मग सगळ्यांसमोर माझी आणि प्रकाशची विमानांची लढाई लागली.

मी भरधाव वळायचो आणि लांब फेकला जायचो. तोवर प्रकाश माझ्या शेपटीमागे यायचा आणि मला पाडायचा.

"अरे, वळण्याआधी वेग सोड ना! विमान आडवं कर, मग दांडा पोटाकडे ओढ. गिरणीची पहिली पाळी चुकतेय काय तुझी?" प्रकाश ओरडला.

सगळे हसले. पुढच्या डावात मी मुकाट्याने तसंच केलं. विमान झकास वळलं.

"बघ, जमलं की नाय!" टाळ्या वाजवत होता तो प्रकाशच.

तेव्हा मी त्याच्या जिंकण्यावर जळलो. आता जळतो ते वेगळ्याच गोष्टीवर. आपली युक्ती त्याने भर लढाईत मला देऊन टाकली, कारण माझ्याकडून हरायची भीती त्याला कधी वाटलीच नाही.