अक्काच्या हातून घडलं नव्हतं

मंडळी, आज सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहितोय.

माझी नात डॉक्टरकी शिकते. चहा घेताना ती मला रक्त कसं गोठतं ते सांगत होती. एक एन्झाइम जागं झालं की ते पुढच्या कितीतरींना जागं करतं, अशी साखळी भराभर वाढत जाते. घोणसीचं विष ही साखळी मधूनच पेटवतं. रक्त गोठायला जे लागतं ते सगळं अंगातच संपून जातं आणि मग रक्त थांबत नाही.

माझा चहा तसाच राहिला.

सत्तरच्या दशकात शिराळ्याजवळ आमच्या उसात वडलांना, म्हणजे आमच्या दादांना, घोणस चावली. लोकांच्या सांगण्यावरून माझ्या सोळा वर्षांच्या अक्कानं जखमेवर ब्लेडनं चीर दिली. रक्त थांबेना. सांगलीला पोचेपर्यंत हिरड्यांतूनही येऊ लागलं. दुसऱ्या दिवशी वडील गेले.

"दादांचं रक्त मीच सांडलं रं," असं अक्का जन्मभर म्हणायची. "न्हाई गं" म्हणायला घरात कुणाची जीभ उचलली नाही. माझीही नाही.

आज हे सगळं नातीला सांगितलं. ती म्हणाली, "चीर द्यायला नको होती, आजोबा. पण हिरड्यांना कुणी ब्लेड लावलं होतं? ते विषाचं काम होतं."

अक्का दोन वर्षांपूर्वी गेली. हे ऐकायला ती हवी होती.

तुमच्या घरात असा दोष उरावर घेऊन कुणी जगतंय का? त्यांच्याशी आजच बोलाल?