विहिरीची मुखत्यारी

मुखत्यारी हा शब्द मी कोर्टकचेरीच्या बोलण्यात ऐकला होता. एकाच्या वतीनं दुसऱ्यानं सही करायची, एवढाच त्याचा अर्थ मला ठाऊक. आमच्या शेवगावकडच्या गावात मात्र तो टोमण्यातही चाले. सून चार शब्द जास्त बोलली की, हिला कुणी दिली मुखत्यारी, असं म्हणत.

बहात्तरच्या दुष्काळात सासऱ्यांचं अर्धं अंग गेलं. माझे मालक पलटणीत, लांब. धाकटे दीर मळा बघायचे. आमच्या विहिरीला तेवढं पाणी टिकून होतं. सकाळी गावानं भरायचं, उरलं तर मोसंबीच्या बागेला द्यायचं, असं सासऱ्यांनीच लावून दिलेलं. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी मला आणि दिरांना बोलावलं. जीभ जड झाली होती.

"हिरीची मुखत्यारी सूनबाईकडं," एवढंच ते बोलले. दीर उठून गेले.

उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं. एका सकाळी बाया घागरी घेऊन आल्या, तर दिरांनी बागेला पाणी द्यायला विहिरीवरचं इंजिन चालू केलेलं. मी बंद करायला सांगितलं. त्यांनी बागेकडं बोट केलं. पानं वळून गेली होती. ती झाडं त्यांनी लेकरासारखी वाढवली होती.

माझा धीर सुटला. घरी पळत जाऊन मी सासऱ्यांना विचारलं, काय करू? त्यांनी मान माझ्याकडं वळवली.

"मला इचारून करायचं, तर मंग तुझी मुखत्यारी कसली?"

परत गेले तेव्हा दीर इंजिनापुढं आडवे उभे होते.

"वहिनी, बाग जाईल."

"जाऊ द्या, भाऊजी. बाजूला व्हा."

मी हात पुढं केला, तसं त्यांनी माझं मनगट धरलं. सगळ्या बाया बघत होत्या. मग त्यांनीच हात सोडला आणि ते बांधावर जाऊन बसले. मी इंजिन बंद केलं.

बाग गेली. झाडं दिरांनी स्वतःच तोडली. पाऊस व्हायच्या आधी सासरे वारले. दीर माझ्याशी कितीतरी महिने बोलले नाहीत. विहीर पुन्हा भरली तेव्हा ते दाराशी आले आणि यंदा पाणी कसं वाटायचं म्हणून विचारलं. आधी पाणी बघू, मी म्हटलं. आम्ही दोघं मिळून पाणी बघायला मळ्यात गेलो.