न आलेल्या मालकिणीचा कारभारी

पडदा वर जातो. कुंभकोणम्, रामस्वामीच्या देवळामागची आमची गल्ली, सकाळची वेळ. ओट्यांवर पाणी मारलेलं, उंबऱ्यापुढे ओली रांगोळी, खिडक्या उघड्या. नवख्याला वाटेल, आता घराघरांतून माणसं बाहेर पडतील. कुणी येत नाही. यातली निम्मी घरं रिकामी आहेत. मालक कुणी चेन्नईला, कुणी बंगळूरला, कुणी अमेरिकेत.

ही घरं नांदती दिसतात ती एका माणसामुळे. तो सायकलवरून प्रवेश करतो. लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, कपाळाला गोपीचंदन, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कल्याणराम राव. परगावच्या मालकांची घरं सांभाळणं हा त्याचा धंदा. त्याचे वडील तिरुविसनल्लूरच्या एका मिरासदाराचे कारभारी होते, ते कसब याच्यात उतरलं. नळ अधूनमधून सोडायचे, मोटर चालवायची, गाद्यांना ऊन द्यायचं, कपाटातली रेशमी लुगडी उलगडून पुन्हा घडी घालायची, वाळवीवर लक्ष ठेवायचं, नारळ उतरवायचे, घरपट्टी भरायची. दर शुक्रवारी देवापुढे दिवा लावून त्याचा व्हिडिओ मालकांना पाठवायचा. मी आयुष्यभर नाटकात वावरलो. रंगमंच इतका चोख लावणारा माणूस मला आमच्या मंडळीत कधी मिळाला नाही.

त्याचा एक नियम होता. मालकाच्या कानावर अडचण घालायची नाही. आधी निस्तरायची, मग सांगायचं.

सगळ्या घरांत त्याचा जीव महालक्ष्मीअक्कांच्या घरात होता. अक्का अमेरिकेत डॉक्टर, एकट्या. "निवृत्त झाले की येते रे कल्याणा, तिथंच राहते," असं त्या दर फोनला म्हणायच्या, आणि कल्याणराम ते खरं धरून चालला होता. त्यांच्यासाठी त्याने माजघराची पायरी उतरती करून घेतली, न्हाणीत धरायला दांडी बसवली.

"एवढं स्वतःच्या घरात केलं असतं तर माझे गुडघे वाचले असते," त्याची बायको वाणी म्हणायची.

"तुला परदेशी पाठवतो. मग तुझंही घर बघेन."

"पाठवा की. पण मग मी परत कशाला येऊ? सगळं तर तुम्हीच बघणार!"

आम्ही तिघं हसलो होतो तेव्हा.

अक्का निवृत्त झाल्या त्या वर्षी ऐप्पसी महिन्यातल्या, ऐन दिवाळीच्या पावसात त्यांच्या मागल्या अंगणातली विहीर ढासळली. कठडा आणि बांधणीचा एक मोठा तुकडा आत गेला. मागच्या घरातल्या कुणीतरी फोटो काढून थेट अक्कांना धाडला. अक्का हादरल्या. त्यांच्या आईने त्या विहिरीवर तुळशीसाठी पाणी शेंदलं होतं. त्यांनी कल्याणरामला फोन केला, तेव्हा मी त्याच्या ओट्यावर कॉफी पीत होतो. फोन त्याने मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"कल्याणा, मी तिकीट काढलं. येते आहे. या वेळी राहायच्या तयारीनंच येते."

कल्याणराम गडबडला. मला वाटलं, आनंदाने गोंधळला. तसं नव्हतं. आपल्या ताब्यातल्या घराची पडझड मालकिणीला परस्पर कळली, याची त्याला लाज वाटत होती.

"अक्का, तुम्ही एवढ्यासाठी धावपळ करायची नाही," तो म्हणाला. "तिरुनागेश्वरम्चे गवंडी उद्या लावतो. तुम्ही विमानात बसायच्या आत विहीर उभी करतो."

"अरे, पण मी आले तर बरं नाही का?"

"मी कशाला आहे मग? तिकीट रद्द करा. पुढे सवडीनं या, सण बघून."

अक्का म्हणाल्या, "बरं. तू म्हणतोस तर."

आतून वाणीने भांडं जरा जोरातच ठेवलं.

विहीर झाली, पहिल्यापेक्षा देखणी. त्याने पावसात छत्री धरून स्वतः उभं राहून करवून घेतली. व्हिडिओ गेला. अक्कांनी शाबासकी कळवली. सवड मात्र झाली नाही. आधी त्यांच्या पाठीचं दुखणं निघालं, मग तिथल्याच एका वृद्धांच्या वसाहतीत जागा मिळाली. मी एकदा हळूच म्हटलं, "अरे, बोलाव की त्यांना." तो म्हणाला, "मालकिणीला या कसं म्हणायचं मामा? त्यांचं घर, त्यांची मर्जी."

गेल्या तै महिन्यात, पोंगल झाल्यावर, घर विकलं गेलं. घेणारा तिथे आसपासच्या नवग्रहांच्या देवळांना येणाऱ्या यात्रेकरूंसाठी लॉज काढणार आहे. सहीलाही अक्कांना यावं लागलं नाही, मुखत्यारपत्र कल्याणरामच्याच नावाचं होतं. रजिस्ट्रार ऑफिसात त्याच्यासोबत मी गेलो. त्याने सही केली, अंगठा उमटवला, आणि बोटाची शाई वेष्टीला पुसली. असं तो कधी करत नसे.

बाहेर पिंपळाखाली अक्कांचा फोन आला.

"कल्याणा, तुझे उपकार फार. तुझ्यामुळे त्या घराची मला कधी काळजीच वाटली नाही रे."

"होय अक्का," तो म्हणाला.

मी म्हटलं, "चल, कॉफी घेऊ." रंगमंचावर माणूस कोसळतो तेव्हा त्याला सावरायला शब्द तयार असतात. मी त्याला नुसतं कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात नेलं. आम्ही बाकावर बसलो. कॉफी आली, तिच्यावर साय धरली. त्याने पेला उचलला नाही. नंतर समोरच्या रस्त्याकडे बघत तो मला म्हणाला:

"'अक्का, मला काही सुचत नाही, तुम्ही या.' विहीर पडली तेव्हा एवढं म्हणायला काय झालं होतं मला, मामा?"