डावीकडची सीट

साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की गंगाखेडला गोदावरीत काकांच्या अस्थी सोडून परततानाची दुपार आठवते. काका माझ्या शेजारी सीट मागं पाडून बसायचे आणि गाडी टीं-टीं करू नये म्हणून पट्टा पाठीमागून अडकवायचे; "जीव गुदमरायलाय," म्हणायचे. एक दिवस उसाच्या ट्रॉलीमागं मी करकचून ब्रेक दाबला, गाडीला ओरखडाही आला नाही, पण काका पुढं आदळून गेले. अस्थी सोडून परतताना त्या दुपारी कारखान्याजवळ आलो, काकू मागं बसल्या होत्या, तरी पुढच्या रिकाम्या सीटसाठी गाडी टीं-टीं करायला लागली. काकू हळूच म्हणाल्या, "लाव की त्यायला पट्टा, आता तरी." मी लावला आणि आवाज थांबला, पण पट्टा सीटला टेकलाच नाही, काकांच्या पोटाएवढ्या अंतरावर ताणलेला राहिला. अजूनही कुणी पुढं बसू का विचारलं, की माझ्या तोंडून निघतं, "मागं बसा, पुढं जागा न्हाई."